मागच्या विंगमधलं ऊन

कुठलीही वस्तू उघडायची झाली की ती आधी हातातल्या बांगड्या काढायची. दोन सोन्याच्या आणि मधल्या हिरव्या काचेच्या. त्या चहाच्या रिकाम्या कपात टाकायची, मग उठून खिडकीच्या लोखंडी ग्रीलला तळहात लावायची. अंगात साठलेली वीज निघून जावी, नाजूक चिपला झटका बसू नये, म्हणून. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाई उन्हाला नमस्कार करतायत. मग ती खुर्ची ओढून बसायची, स्क्रू ड्रायव्हर उचलायची आणि म्हणायची, "उघडून तर बघू."

प्रिंटर, हेडफोन, साहेबांच्या केबिनमधलं शोभेचं कारंजं, सगळं तिने उघडून पाहिलं होतं. एका उन्हाळ्यात पाण्याचा कूलर उघडला, तर टाकीत पाल मरून पडलेली. आम्ही सगळ्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. इतके दिवस तेच पाणी प्यायलो होतो. ती मात्र खूश. "बघा, उघडलं नसतं तर कळलं असतं का?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "ताई, न कळणंच बरं होतं." तिला ते पटलं नाही. निदान तेव्हा तरी पटलं नाही.

अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल. सगळ्यांच्या आधीपासून असलेली, सगळ्यांना लागणारी, आणि नव्या पदांची नावं जाहीर होतात तेव्हा कोणाच्याच लक्षात न येणारी.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. बिल्डरांसाठी आम्ही न बांधलेल्या इमारतींची चित्रं बनवायचो. कॉम्प्युटरवर इमारत उभी करायची, तिच्यावर ऊन पाडायचं, भोवती झाडं लावायची, स्विमिंग पूलमध्ये गोरी माणसं सोडायची. हायवेवरच्या होर्डिंगवर तुम्ही बघता ना, तीच चित्रं. ताई प्रत्येक बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी टाकायची. दोरीवर एक टॉवेल, एक गाऊन. साहेब मागे येऊन उभे राहायचे. "हे काढा." ती काढायची आणि पुढच्या चित्रात पुन्हा टाकायची. मला हळूच म्हणायची, "माणसं राहणार ना गं तिथे? मग धुणं नाही होणार?"

साहेब आलेल्या क्लायंटला सगळ्यांची ओळख करून द्यायचे. हा आमचा डिझाइन हेड, ही आमची टीम लीड. ताईच्या टेबलापाशी आले की म्हणायचे, "आणि ह्या आमच्या जुन्या." जुन्या कोण, ते सांगायचे नाहीत. ती हसून मान डोलवायची. तिला त्याचं काही वाटत नाही, असं मला वाटायचं.

पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हटलं होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम बँकेत असतात. ताई म्हण. आणि तू म्हण. स्क्रू हातात देताना अहो-जाहो कुठे करत बसायचं?" तेव्हापासून ती माझी ताई झाली. मला सख्खी बहीण नाही.

मी वाकोल्याची. घरात आई आणि मी. घाटकोपरला माझी मावशी राहते. तिचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा जाताना त्याचा गेमिंग लॅपटॉप मला देऊन गेला. दिसायला एकदम झकास. कीबोर्डखाली लाल दिवे, झाकणावर वाघाचा पंजा. त्यावर तो गोळीबाराचे खेळ खेळायचा. मी त्यावर ऑफिसातली एखादी साधी सोसायटी उघडली की पंखे विमानासारखे ओरडायचे आणि स्क्रीन काळी व्हायची. एकदा मी तो लॅपटॉप ऑफिसात घेऊन गेले.

"ताई, ह्याची वाट लागलीय."

तिने त्याच्या बुडाला हात लावून पाहिला, ताप बघतात तसा. "लॅपटॉप धडधाकट आहे. ह्याचं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय. चित्र काढणारा भाग."

"मग बदलू या."

"लॅपटॉपमधलं नाही बदलता येत, ते बोर्डालाच जडवलेलं असतं. पण दुसरं बाहेरून लावता येतं."

"बाहेरून?"

"किडनी दमली की माणसाचं रक्त बाहेर काढून मशीनमधून फिरवतात ना? तसंच." तिने बांगड्या काढून कपात टाकल्या. "उघडून तर बघू."

लॅपटॉपच्या पोटात डेटा साठवणाऱ्या चिपसाठी एक जादा खाच रिकामी होती. त्या खाचेत एक छोटी पट्टी बसवायची. तिला जोडलेली चपटी केबल लॅपटॉपच्या बाहेर काढायची. केबलच्या दुसऱ्या टोकाला एक उघडा बोर्ड, त्या बोर्डवर डेस्कटॉपमध्ये असतं तसलं मोठं ग्राफिक्स कार्ड, आणि कार्डाला वीज पुरवायला जुन्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय. एवढंच. ती हे बोलली तेव्हा मला ते अळूवड्या करण्याइतकं सोपं वाटलं. अळूवड्याही मला जमत नाहीत, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. ताई दिंडोशीच्या हाउसिंग कॉलनीत राहायची. तिसरा मजला, दारात चपलांचं कपाट, आत आल्याबरोबर जेवणाचं टेबल. ते टेबल आम्ही बळकावलं. तिचे मिस्टर स्वभावाने गरीब. मी त्यांना भावोजी म्हणायचे. ते ताट घेऊन ओट्यापाशी उभे राहून जेवायचे आणि म्हणायचे, "चालू द्या. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही कशाला?"

बोरिवलीला एक गेमिंग कॅफे बंद होत होतं. तिथून आम्ही कार्ड आणलं. तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. पंख्यांच्या पात्यांना काळी धूळ आणि चिप्सचा मसाला चिकटलेला. ताईने जुन्या टूथब्रशने ते घासून काढलं. "कितीतरी पोरांच्या परीक्षा बुडवल्यात ह्याने. आता जरा कामाचं काहीतरी करू दे."

केबल बाहेर काढायला लॅपटॉपच्या खालच्या झाकणाला भोक पाडावं लागलं. ताईने हॅकसॉचं पातं घेतलं. पहिला ओरखडा उठला तसे मी डोळे मिटले. नंतर मी तो लॅपटॉप घरी नेला तेव्हा आईने तो उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, पोट फाडलंत की त्याचं!"

पण चालेल तर शपथ. कार्डाचे पंखे गरगर फिरायचे, लॅपटॉप सुरू व्हायचा, आणि लॅपटॉपला ते कार्ड दिसायचंच नाही.

"एकाच घरात राहून नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत ना, तसं झालंय," ताई म्हणाली.

ओट्यापाशी चमचा थांबला. "आमच्याकडे बघून म्हणालीस का?"

रविवारामागून रविवार गेले. कधी केबल उलटी बसलेली असायची, कधी सगळं नीट असूनही काही व्हायचं नाही. मी वैतागायचे. ताई वैतागायची नाही. पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालायची आणि त्या उघड्या बोर्डाकडे बघत बसायची. मी विचारायचे, "काय करू या आता? तुला काय वाटतं?" मग ती सांगायला लागायची. असं झालं असेल, तसं झालं असेल, आधी हे करून बघू. बोलता बोलता तिचा चेहरा बदलायचा. ऑफिसात एका वाक्यापुढे न जाणारी ही बाई घरी तासभर बोलायची, आणि मला त्यातलं अर्धंच कळायचं. पण ऐकायला फार बरं वाटायचं.

शेवटी तिलाच सुचलं. "केबल लांब आहे. सिग्नल वाटेत दमतोय. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन ह्या खाचेचा वेग एक पायरी खाली आण. पळणाऱ्याचा हात नाही धरता येत, चालणाऱ्याचा येतो." मी वेग कमी केला. तिने आधी पॉवर सप्लायचं बटण दाबलं, मग मला म्हणाली, "हं, आता लॅपटॉप."

दिसलं. स्क्रीनवर कार्डाचं नाव आलं.

मी किंचाळले. भावोजी हातातलं ताट घेऊनच बाहेर आले. मी ऑफिसातली सगळ्यात जड इमारत उघडली आणि माउसने फिरवली. जराही न अडखळता ती फिरली. त्या प्रोग्राममध्ये सूर्यही असतो. तारीख आणि वेळ बदलली की तो आकाशात सरकतो आणि खाली सावल्या सरकतात. आजवर प्रत्येक सावलीसाठी आम्ही थांबून राहायचो. आता ताई माउस धरून सूर्य इकडून तिकडे नेत होती, सकाळ करत होती, संध्याकाळ करत होती, आणि सावल्या त्याच्याबरोबर पळत होत्या. गालाला हात लावून लहान मुलीसारखी बसली होती. मग म्हणाली, "साहेबांकडच्या मशीनवरही हे इतकं सुरेख होत नाही गं."

आता ह्या मशीनचं करायचं काय, हा प्रश्न मावशीने सोडवला.

मावशीची सोसायटी जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. तिचा पुनर्विकास ठरला होता. बिल्डरचा आराखडा असा होता: पुढे, रस्त्याच्या बाजूला, विकायच्या घरांचा उंच टॉवर, आणि त्याच्या मागे, जुन्या रहिवाशांची विंग. विंगच्या मागे आधीच एक भलीमोठी इमारत उभी. बाजूला शाळेचं मैदान. मावशीला त्या आराखड्यातलं एकच कळत नव्हतं.

"माझ्या घरात ऊन येईल का गं?"

तिच्या आत्ताच्या घरात पूर्वेच्या खिडकीशी बुद्धमूर्ती आहे. सकाळचं पहिलं ऊन तिच्यावर येतं. मावशी तिथे वंदनेला बसते, मग तिथेच पाय पसरून गुडघे शेकते. काका गेल्यापासून तिचा दिवस त्या उन्हाने सुरू होतो.

मी ताईला हे सांगितलं. ती ताठ बसली. "बिल्डरला चित्रं काढून देणारे ढीगभर आहेत. राहणाऱ्याला कोण काढून देतं? आपण देऊ. ज्याला त्याला त्याच्या खिडकीतलं ऊन दाखवू. आणि ही एकच सोसायटी कशाला? अशा किती आहेत! ऑफिस सोडून हेच करू आपण दोघी."

आम्ही घाटकोपरला गेलो. टेप घेऊन सगळी जागा मोजली. ताई मावशीच्या पंख्याचा खडखडाटही बंद करून आली. मावशी तिच्यावर इतकी खूश, की निघताना तिच्या डब्यात जवसाची चटणी भरली आणि मला मात्र रिकाम्या हाताने पाठवलं.

आराखड्याप्रमाणे आम्ही टॉवर उभा केला, मागची विंग उभी केली. ताईने मावशीच्या होणाऱ्या खिडकीत एक छोटी बुद्धमूर्ती ठेवली. बाल्कनीत दोरी, टॉवेल, गाऊन. मग सूर्य फिरवला. हिवाळा, उन्हाळा, सकाळ, दुपार. सकाळी टॉवरची सावली. दुपारनंतर मागच्या इमारतीची सावली. मधे भर दुपारी ऊन गच्चीवर पडायचं, खिडकीत नाही. मावशीची खिडकी मैदानाकडे, त्या बाजूने उजेड यायचा, पण ती उत्तर. तिकडून ऊन कसं येणार? मूर्ती अंधारातच.

ताईने सूर्य पुन्हा एकदा सकाळवर आणून पाहिला. "हे दाखवायचंच," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावून एक नवं काम जाहीर केलं. घाटकोपरची सोसायटी, टॉवर पुढे, विंग मागे. मावशीच्याच बिल्डरने चित्रांचं काम आमच्या ऑफिसला दिलं होतं. सोसायटीच्या सभेत ती चित्रं दाखवून आराखड्यावर मतदान घ्यायचं होतं. मी ताईकडे पाहिलं. तिने नजरेनेच गप्प राहायला सांगितलं.

जिन्यात गाठून मी विचारलं, "आता काय करायचं? साहेबांना कळलं तर?"

"रविवार आपला आहे, साहेबांचा नाही. आपलं काम आपण करायचं."

"पण सभेत मी उभी राहिले तर नोकरी जाईल."

"तू एकटी कशाला उभी राहशील? दोघी उभ्या राहू." तिने माझा हात धरला. तिचा हात नेहमी कोरडा आणि उबदार असायचा. "आपल्या मॉडेलची एक प्रत मला दे. मोजमापं परत तपासून ठेवते."

मी दिली. का नाही देणार? तुम्हीही दिली असती.

त्यानंतरचे रविवार ती मोकळी नव्हती. एकदा सासूबाईंना बरं नव्हतं, एकदा कोणाचं तरी लग्न होतं. मशीन मी माझ्याकडे, वाकोल्याला आणलं होतं. ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये तिच्या फेऱ्या वाढल्या. मी समजले, काहीतरी बिघडलं असेल, उघडून बघत असेल.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. लॅपटॉप, कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं भाजीच्या दोन मोठ्या पिशव्यांत भरून मी रिक्षाने गेले. मावशी पुढच्या रांगेत बसली होती. मी मागे बसले आणि शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ताईसाठी जागा धरली. दोघातिघांनी विचारलं, "कोणी आहे का इथे?" मी म्हणत राहिले, "येतायत."

साहेब आले. बिल्डरची माणसं आली. त्यांच्या मागून ताई आली. नवी कोसा साडी, केसांत मोगरा. मी हात वर केला. तिला दिसला नाही. ती सरळ चालत गेली, स्टेजच्या पायऱ्या चढली, आणि साहेबांनी माइक तिच्या हातात दिला.

"ह्या आमच्या पार्टनर," साहेब म्हणाले. "ह्यांनी तुमच्या प्रत्येक घराचा जातीने अभ्यास केलाय."

तरीही मला वाटलं, हिचा काहीतरी बेत असेल. स्टेजवरूनच सांगेल. ती उभी राहणार म्हणाली होती, आणि उभी राहिलीच होती ना.

पडद्यावर इमारत आली. आमचीच. आम्ही टेपने मोजलेली, आमच्या रविवारांतली. दोरी होती. टॉवेल होता, गाऊन होता. ह्या वेळी साहेबांनी ते काढायला लावलं नव्हतं. हॉलमधल्या बायका ते बघून हसल्या, एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. आपलंच घर दिसतंय गं. मग चित्र मागच्या विंगमध्ये शिरलं, मावशीच्या खिडकीपाशी आलं, आणि खिडकीतून सकाळचं पिवळंधमक ऊन आत आलं आणि बुद्धमूर्तीवर पडलं.

मावशीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, हे मी केलंय.

मला कळायला एक क्षण लागला. आमच्या प्रोग्राममध्ये कोपऱ्यात होकायंत्र असतं. त्यातली उत्तर फिरवली की सूर्याची वाट फिरते. इमारत तीच राहते, माप तेच राहतं, फक्त ऊन दुसरीकडून यायला लागतं. तिने उत्तर फिरवली होती आणि होकायंत्र लपवलं होतं. इतकं साधं. हे करायला आमचं मशीनसुद्धा लागत नाही.

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"ताई, उत्तर दिशा कुठे आहे?"

सगळे वळले. साहेबांनी मला ओळखलं. ताईनेही माझ्याकडे पाहिलं, आणि मी तुम्हाला खरं सांगते, तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मॅडम," ती माइकवर म्हणाली, "प्रश्न शेवटी घेऊ."

मी बसले नाही. "मॅडम" ह्या शब्दाशीच मी अडकले. मशीन जोडायला जागा नव्हती. हॉलमधल्या एकुलत्या एका प्लगवर त्यांचा प्रोजेक्टर होता. मी दोन्ही पिशव्यांच्या मधे नुसती उभी होते.

मग मावशी उठली. ती माझ्याकडे बघून सगळं समजली की काय, कोण जाणे. तिने पडद्याकडे बोट केलं.

"अहो बाई, हे ऊन कुठून आलं? ही खिडकी मैदानाकडे ना? मैदानावरून सूर्य उगवताना मी तर कधी पाहिला नाही. बिल्डिंग पाडल्यावर तोही जागा बदलणार का?"

हॉल हसला. मग हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी काकांनी आराखडा मागवला, उलटासुलटा करून पाहिला. साहेब म्हणाले, चित्रं ही फक्त कल्पना यावी म्हणून असतात. कोणीतरी ओरडलं, मग खरं काय ते दाखवा. मतदान पुढे ढकललं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. साहेबांनी मान वर न करता तो घेतला. ताईच्या टेबलावर कोणी बसलं नव्हतं. ती आता आतल्या केबिनमध्ये बसायची आणि दारावर तिच्या नावाची पाटी होती. दार बंद होतं. मी उघडलं नाही.

मग मावशीच्या घरी, तिच्या जेवणाच्या टेबलावर, मी मशीन जोडलं. सोसायटीतली माणसं येत गेली. प्रत्येकाला मी त्याची खिडकी दाखवली आणि माउस त्याच्याच हातात दिला. तुम्हीच फिरवा सूर्य. एक आजोबा आपल्या दिवाणावर ऊन यावं म्हणून सूर्य पुन्हा पुन्हा फिरवत होते, आणि ते येत नव्हतं. शेवटी त्यांनी माउस खाली ठेवला आणि म्हणाले, "कळलं." सोसायटीने आराखडा परत पाठवला. पुष्कळ भांडणं झाली, दोन गट पडले, मावशीला काहींनी शिव्याही दिल्या. अखेर टॉवर एका कडेला सरकला, काही खिडक्या पूर्वेला फिरल्या. मागच्या विंगच्या काही घरांना तरी सकाळचं ऊन मिळणार आहे. मावशीचं घर त्यात आहे. सगळ्यांची नाहीत.

आता मी हेच काम करते. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सोसायट्या बोलावतात. लोक विचारतात, हे जुगाड मशीन कोणी बनवून दिलं? मी म्हणते, आम्हीच बनवलं. "आम्ही"मध्ये कोण, ते सांगत नाही.

ती एकदा घरी आली होती. हॉलमधल्या त्या सकाळनंतर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी. दार आईने उघडलं. आईला सगळं माहीत होतं, पण दारात आलेल्या माणसाला पाणी न देणं तिला जमत नाही. "बसा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

ताई खुर्चीच्या टोकावर बसली. मशीन समोर चालू होतं. कार्डाचा एक पंखा थोडा आवाज करत होता. तिने तो ऐकला, मला दिसलं.

"रागावलीयस," ती म्हणाली.

मी माउस उचलून बाजूला ठेवला.

"साहेबांनी माझ्या कॉम्प्युटरवर ते मॉडेल बघितलं गं. मी लपवणार होते. पण ते ओरडले नाहीत. खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, 'तुम्हाला काय वाटतं, हे कसं दाखवावं?'" ती तांब्याकडे बघत होती. "इतक्या वर्षांत मला तिथे कोणी विचारलं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं, असं. कोणीच नाही विचारलं गं कधी."

"मी विचारत होते," मी म्हटलं. "दर रविवारी."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. कार्डाचा पंखा तसाच खरखरत होता. सवयीने तिचा हात कार्डाकडे गेला. अडकलेली धूळ काढायला असेल, दुसरं काही नाही.

"हात लावू नका," मी म्हटलं.

हे "नका" माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं. तिने हात मागे घेतला, पदर सावरला, आणि उठली. दारात चपला घालताना आतल्या बाजूला वळून म्हणाली, "येते हं आई."

"या," आई आतून म्हणाली.

नंतर ऐकलं, साहेबांशी तिचं फार दिवस जमलं नाही. दिंडोशीची जागा भाड्याने देऊन दोघं कुठेतरी गेली. कोणी नाशिक म्हणतं, कोणी बडोदा. तिचा फोन लागत नाही. म्हणजे लावून पाहिलाय मी.

त्या दुपारी ती गेल्यावर मी खिडकीत आले. खाली नाक्यावर ती रिक्षासाठी हात करत होती. रिक्षावाले थांबायचे, ती वाकून काहीतरी सांगायची, ते मान हलवून निघून जायचे. दिंडोशी लांब पडतं, ट्रॅफिकमध्ये कोणी येत नाही. कोपऱ्यावरून थोडं पुढे गेलं की रिक्षा मिळते, हे वाकोल्यातल्या कोणालाही माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. "अगं, सांग ना तिला, पुढे जा म्हणून."

मी सांगितलं नाही. पण खिडकीतून हललेही नाही. ऊन फार होतं. तिने पदर डोक्यावर घेतला होता. शेवटी एक रिक्षा थांबली, तिने वाकून विचारलं, आणि ह्या वेळी ती आत बसली.